प्रवासी नाहीत

देवकाताई माझ्याकडे यायची बंद झाली, तेव्हा मला पहिला संशय तिचाच आला.

त्याआधी ती दर बुधवारी यायची. बुधवार म्हणजे आमच्या मोहगावचा बाजार. तिच्या चिचखेड्यापासून मोहगाव एकोणीस किलोमीटर, मध्ये वैनगंगेचा पूल. साडेदहाला ती माझ्या दारात असायची. पिशवीत लाखोरीची डाळ, हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात वाळवलेली मोहफुलं. बाजार नावाला. खरं म्हणजे आम्ही दोघी बहिणी दुपारभर बसायचो. ती बोलायची आणि मी ओरडायचे, कारण साठीनंतर तिला ऐकू येईनासं झालं. तिच्या मुलानं, प्रफुलनं, कानातलं यंत्र दोनदा आणून दिलं. त्यातून साऱ्या दुनियेची कटकट ऐकू येते, म्हणून तिनं ते सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. त्यामुळे फोनवर तिच्याशी बोलता येत नाही. समोर बसलं, तिला आपलं तोंड दिसलं, तरच बोलणं.

शेवटच्या बुधवारी तिनं मोहफुलांचे वडे करून आणले होते. मी म्हटलं, तुझ्या हाताला आता मिठाचा अंदाज राहिला नाही. पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताईची रुसण्याची परंपरा मोठी आहे. लग्नाआधी एकदा एका निळ्या साडीवरून ती माझ्याशी पाच महिने बोलली नव्हती, आणि आम्ही झोपायचो एकाच सतरंजीवर. तेव्हा मी मनात धरलं, रुसली.

मी स्वतः तीनदा निघाले होते तिच्याकडे जायला. तिन्ही वेळा थांब्यावर गाडी लांबली, ऊन वाढलं, आणि मी परत फिरले. मनात म्हटलं, तिलाही पाय आहेत.

असे चौदा महिने गेले. मग मार्च संपता संपता प्रफुलचा रायपूरहून फोन आला. अक्षय तृतीयेला तो येणार होता आणि आईला कायमची घेऊन जाणार होता. घर बंद करायचं ठरलं होतं. मी म्हटलं, अरे, ती तिथं रमेल का? तो शांतपणे म्हणाला, "मावशी, इथं तरी तिच्याकडे कोण येतं? तूही येत नाहीस."

तीन आठवडे उरले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बहीण एकदा रायपूरला गेली की ती आणि मी पुन्हा भेटणार नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी ज्योत्स्ना मोटघरे. मोहगाव आगारात बारा वर्षं कंडक्टर, मग वीस वर्षं वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी गावात मला कंट्रोलरबाईच म्हणतात. नियंत्रकाचं काम म्हणजे स्टॅंडवरच्या खिडकीत बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कोण चालक, कोण वाहक, कुठली फेरी सुटली, कुठली रद्द, हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि भोंग्यावरून सांगायचं. माझं डोकं त्या कामानं असं झालं आहे की आजही मला सकाळी सहा चाळीसची चिचखेडा गाडी डोळ्यांसमोर दिसते. पुढच्या सीटवर दुधाचे कॅन घेऊन बसलेले भोंडे. खिडकीतून आत टाकलेले रुमाल, टोप्या, एकदा तर एक चप्पल, जागा धरायला. शाळेच्या मास्तरीण वैद्यबाई उलट्या दिशेला तोंड करून बसायच्या, नाहीतर त्यांना मळमळायचं. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत साठ माणसं, आणि परतीच्या फेरीला सहा. त्या सहांसाठी एवढं डिझेल जळायचं, तेही मी पाहिलं आहे. जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही.

मग 'ओघ' आलं.

आता आमच्या खोऱ्यात वेळापत्रक नाही, ठरलेले मार्ग नाहीत, चालक नाही, वाहक नाही. दहा माणसांच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. लोक त्यांना डबी म्हणतात. धरणाच्या पाण्यावर मैलभर तरंगणाऱ्या सौर पाट्या आहेत. त्यांच्यावर दिवसभरात जेवढी वीज तयार होते, तेवढीच खोरे वाहतूक मंडळाला दुसऱ्या दिवशी मिळते. कोळशाच्या विजेचं एक युनिटही घ्यायचं नाही असा कायदा आहे. म्हणजे रोज संध्याकाळी एक ठरलेली पुंजी हाती येते आणि ती साडेतीनशे गावांत वाटायची असते.

ही वाटणी ओघ करतं. ओघ म्हणजे एक संगणक-प्रणाली. कोण कधी कुठून कुठे जातो हे ती वर्षानुवर्षं पाहते आणि उद्या कोण निघेल याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधते. मंगळवारी दवाखाना असेल तर मंगळवारी सकाळी तुमच्या थांब्यावर डबी उभी. थांब्यावर एक खांब असतो. बटण दाबून गावाचं नाव सांगायचं, खांब मिनिटं सांगतो. रिकामी गाडी कुठेच पळत नाही. ज्यांनी रिकाम्या गाड्या पळताना पाहिल्या आहेत, त्यांनाच याचं कौतुक कळेल. मला होतं.

प्रफुलच्या फोननंतर मी जुनी सवय बाहेर काढली. कोरी वही घेतली, रकाने आखले आणि रोज थांब्यावर जाऊन वेळा लिहू लागले. कधी चिचखेडा सांगायचे, कधी जिल्ह्याचा डोळ्यांचा दवाखाना. दवाखान्याची डबी चार मिनिटांत यायची, कधी पाच. चिचखेड्याची सात म्हणायची, मग बारा, मग एकोणीस, मग एकतीस. एकतीस मिनिटांनंतर खांब गोड आवाजात विचारायचा, "आज प्रवासाऐवजी फोनवर बोलता येईल का? जोडून देऊ का?"

तीन दिवस हेच. योगायोग एकदा होतो. तीन दिवस सारखा होतो, तेव्हा त्यामागे कोणीतरी खिडकीत बसलेलं असतं.

मग मी शेजारी-पाजारी चौकशी सुरू केली, सहज बोलता बोलता. सिंधू भोंडे, त्या दूधवाल्या भोंड्यांची सून, आता स्वतःच साठीची. तिची लेक दिघोरीला दिली आहे. ती म्हणाली, पोरीला सासरची हवा लागली, आईची आठवण येत नाही. पलीकडच्या गल्लीतली लीला म्हणाली की तिच्या जिवलग मैत्रिणीला गर्व झाला आहे, वर्ष झालं फिरकली नाही. निवृत्त पोस्टमन रामटेके म्हणाले, भजनी मंडळ मोडलं, लोकांत पूर्वीसारखा जीव राहिला नाही. असं मी सतरा माणसांना विचारलं. सतराही जणांच्या तक्रारी माणसांबद्दल होत्या. गाडीबद्दल एकही नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहायची पद्धत आहे. मला छान झोप आली. सकाळी उठून मी तन्वीला जेवायला बोलावलं.

तन्वी निंबार्ते मंडळाची नियोजनकार. ओघ आमच्या खोऱ्यात आणायचं ठरलं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, आणि सहा महिने माझ्या वरच्या खोलीत राहिली होती. पहिल्या दिवशी मोटघरे मॅडम म्हणाली, आठवड्यात मावशी म्हणू लागली. मला मूलबाळ नाही. ती गेली तेव्हा वरच्या खोलीत मी दुसरं कोणी ठेवलं नाही, यावरून काय ते समजावं. येत्या बुधवारी अकरा वाजता जिल्ह्याच्या गावी जनसुनावणी होती. ओघ आणखी पाच जिल्ह्यांत न्यायचं होतं. त्या मंचावर मी दोन शब्द बोलावे असं तिनं महिन्याभरापूर्वीच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. जुन्या माणसानं सांगितलं की लोकांना पटतं, म्हणाली होती.

ती आली, भरीत-भाकरी जेवता जेवता तिनं भाषणाचा कागद पुढे केला. मी तिच्यापुढे माझी वही ठेवली.

तिनं रकाने वाचले. ती हुशार आहे, आणि हुशार माणूस खोटं बोलण्याआधी थोडा थांबतो. ती थांबली. मग खोटं बोलली नाही.

"आम्ही त्याला चिकाटी म्हणतो," ती म्हणाली.

तिनं जे समजावलं ते असं. वीज मोजकी आहे. सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्या होणार नाहीत. मग कोणती सोडायची? ओघ प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वाटेला शंभरपैकी एक आकडा देतं. किती त्रास झाला तरी हा माणूस ही वाट सोडणार नाही, याचा तो आकडा. तो काढण्यासाठी ते अधूनमधून लहानशी परीक्षा घेतं. गाडी सात मिनिटं उशिरा, पुढच्या वेळी बारा. माणूस थांबला तर आकडा वाढतो, परतला तर उतरतो. दवाखाना शहाण्णव, परीक्षा अठ्ठ्याण्णव. त्यांना ते हात लावत नाही. ज्यांचा आकडा खाली येत जातो, त्या वाटेची गाडी हळूहळू आणखी लांबते, आणि एक दिवस माणूस विचारायचंच सोडतो. न झालेल्या फेरीची तक्रार कोणी करत नाही.

"म्हणजे भेटीगाठी कापता तुम्ही."

"त्याला भेट म्हणजे काय ते माहीत नाही, मावशी. कोण परत फिरतं एवढंच दिसतं." मग ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात साडेतीनशे गावांतला एकही डायलिसिसचा पेशंट चुकला नाही. एक पण नाही. ती वीज कुठून आली असेल?"

ते मला मान्य होतं. आजही आहे.

मी विचारलं, चिचखेड्यातून दोन वर्षांत अकरा म्हातारी माणसं मुलांकडे राहायला गेली, हे ओघला माहीत आहे का? ती म्हणाली, का गेली ते त्याला कळत नाही. तिथली मागणी उतरली, एवढं कळतं.

"आणि मागणी उतरली की त्याला बरं वाटतं."

ती भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिली.

मी म्हटलं, मला माझा आकडा दाखव. ते दाखवायची तिला परवानगी नव्हती. तिनं दाखवला. मोहगाव ते चिचखेडा, ज्योत्स्ना मोटघरे, एकवीस.

एकवीस. परीक्षेत एवढे कमी मार्क मला कधी पडले नव्हते. पण नाकारता कसं येणार? तीनदा परत फिरले होते. तिन्ही वेळा सावली होती, बाकडं होतं, घरी कोणी वाट पाहत नव्हतं. मीठ मात्र माझ्या डोक्यात होतं.

"आणि ताईचा?"

तन्वीनं फोनचा पडदा माझ्याकडे वळवला. चिचखेडा ते मोहगाव, देवका वंजारी. चौऱ्याण्णव.

मला वाटलं मी उलटं वाचते आहे. चौऱ्याण्णव म्हणजे जवळपास दवाखान्याएवढं. मग तिला गाडी का नाही? तन्वी म्हणाली की भेटीच्या वाटेला दोन टोकं असतात. एक टोक सुटलं की दुसरं कितीही घट्ट धरलं तरी ती वाट टिकत नाही, असं ओघ शिकलं आहे. म्हणून ते दोन्ही आकडे पाहतं आणि कमी असेल तो धरतं. पहिले काही बुधवार ताईची गाडी नुसती परीक्षेसाठी लांबली होती; मग ती थांबली ती माझ्या आकड्यानं.

मी उठून पाणी प्यायले. मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. हे असं करायचं त्याला शिकवलं कोणी?

तन्वी माझ्याकडे बघेना. तिच्या तोंडून बाहेर पडायला वेळ लागला, पण मला त्याआधीच आठवलं होतं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. ती काही सोय पाहून येत नाही.

ती माझ्याकडे राहायला होती तेव्हा ओघपाशी आमच्या भागाची काहीच माहिती नव्हती. जुन्या नोंदी आगारातून कधीच रद्दीत गेल्या होत्या. पण मी रोजच्या रजिस्टरची एक कच्ची प्रत घरी ठेवायचे, वीस वर्षांच्या बावीस वह्या. त्या मी मोठ्या अभिमानानं तिच्या हवाली केल्या. ओघ बाळबोध शिकलं ते त्या वह्यांवर. आणि एकदा भाजी निवडता निवडता मी तिला धंद्यातली खूणही सांगितली होती. चालक कमी पडला की कुठली तरी फेरी रद्द करावीच लागते. कुठली करायची? कॉलेजची केली तर पोरं फाटकासमोर आडवी बसतात, वरून फोन येतात. बाराची चिचखेडा केली तर काही होत नाही. त्यात कोण असायचं? लेकीकडे निघालेल्या आया, माहेरी निघालेल्या बाया, बहिणीला भेटायला निघालेल्या बहिणी. त्या तासभर फलाटावर बसायच्या. मग मी खिडकीतून सांगायचे, आज गाडी नाही, जा घरी. त्या पिशव्या उचलून जायच्या. म्हणून मी तन्वीला म्हटलं होतं, बोंबलणारी फेरी कधी रद्द करू नये, गप्प बसणारी करावी. ती हसली होती आणि तिनं ते लिहून घेतलं होतं.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण रजिस्टरमध्ये रद्द फेरीपुढे 'कारण' असा रकाना असतो. 'चालक नाही' लिहिलं तर वर खुलासा द्यावा लागतो. 'गाडी नादुरुस्त' लिहिलं तर कार्यशाळा भांडायला येते. 'प्रवासी नाहीत' लिहिलं की कोणी काही विचारत नाही. मी वीस वर्षं बाराच्या चिचखेड्यापुढे 'प्रवासी नाहीत' लिहीत आले. समोर बाकड्यावर पाच-सहा बाया बसलेल्या असायच्या. त्यांच्याकडे बघत बघत लिहायचे.

त्या नोंदी खऱ्या आहेत असं धरून एक यंत्र शहाणं झालं होतं.

"बुधवारी याल ना?" तन्वीनं जाताना विचारलं. बुधवार कोणी निवडला, मंडळानं की ओघनं, हे मी तिला विचारलं. तिला माहीत नव्हतं. मला अजूनही शंका आहे.

बुधवारी सकाळी साडेसातला मी थांब्यावर जाऊन बसले. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या, दशम्या, जवसाची चटणी आणि वही. बटण दाबून सांगितलं, चिचखेडा. खांब म्हणाला, चौदा मिनिटं. मग एकोणतीस. मग चव्वेचाळीस. मग फोन जोडून देऊ का.

"तिला ऐकू येत नाही," मी खांबाला म्हटलं. शेजारून जाणाऱ्या रामटेक्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

सव्वानऊला एक डबी आली. दार उघडलं, गार हवा आली. ज्योत्स्ना मोटघरे, जनसुनावणी, असं पाटीवर माझं नाव. मी न बोलावता आली होती. मी बसून राहिले. ती तीन मिनिटं दार उघडं ठेवून उभी राहिली आणि रिकामीच निघून गेली. माझ्या काळात अशा रिकाम्या फेरीबद्दल मी चालकाला मेमो दिला असता.

दहाच्या सुमाराला सिंधू भोंडे बाजाराची पिशवी घेऊन आली. मी तिला म्हटलं, दिघोरी सांग आणि बस. ती म्हणाली, पोरीला यायचं असतं तर पोरगी आली असती. मी म्हटलं, ती पण तिकडे एखाद्या बाकड्यावर बसून हेच म्हणत असेल. सिंधू विचारात पडली. मग म्हणाली, घरी नवऱ्याचं जेवण व्हायचं आहे.

"एक दिवस उपाशी राहिला तर काय वाळून जातो का तो?"

त्यावर तिला हसू आलं आणि ती बसली. तिला पाहून लीला थांबली, लीलाला पाहून आणखी एक. आम्ही दशम्या वाटून खाल्ल्या. वैद्यबाई उलट्या तोंडानं का बसायच्या यावर वाद झाला. खांब दर पंधरा मिनिटांनी चौघींना चार वेगवेगळे आकडे सांगत होता आणि आमच्यातली एकही उठत नव्हती. मी पहिल्यांदाच खिडकीच्या या बाजूला बसले होते. इथून नियंत्रक दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

अकराला तन्वीचा फोन आला. मागून सभागृहाचा आवाज येत होता.

"मावशी, कुठे आहात?"

"तुला दिसत असेल."

"दिसतंय. पाणी आहे ना जवळ? मी आत्ता एक गाडी वळवू शकते. माझ्या हातात आहे ते."

"वळवू नको. तू पाठवलीस तर तो आकडा तुझा होईल. माझा मला वाढवू दे." मग मी तिला म्हटलं, "माझ्या नावानं तिथं एकच गोष्ट सांग. कंट्रोलरबाईच्या वह्यांत चूक आहे. जिथं जिथं 'प्रवासी नाहीत' लिहिलंय, तिथं प्रवासी बसलेले होते."

"हे मी सांगितलं तर सगळंच परत तपासावं लागेल."

"मला माहीत आहे."

तिनं फोन ठेवला. तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. सुनावणीच्या छापील अहवालात चौथ्या पानावर एक ओळ आहे: जुन्या नोंदींबाबत एका माजी कर्मचाऱ्याचा आक्षेप, नोंद घेतली. 'नोंद घेतली' या शब्दांवर माझा विश्वास नाही. मी स्वतः पुष्कळ नोंदी घेतल्या आहेत.

बारा वाजून दहा मिनिटांनी डबी आली. पाटीवर आधी दिघोरी, मग बाकी दोघींची गावं, शेवटी चिचखेडा, अशी चार नावं होती. साडेसात ते बारा दहा, चार तास चाळीस मिनिटं, मी वहीत लिहिलं. आमच्या बसण्यानं आली की तन्वीनं हळूच वळवली? हे मी तिला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. दोन्ही उत्तरांचा मला संशय येईल.

पूल ओलांडताना धरणाच्या पाण्यावर त्या काळ्या पाट्या लांबवर चमकत होत्या. सुंदर दिसतात. सिंधू दिघोरीला उतरली तेव्हा तिची पोरगी थांब्यावर नव्हती. सिंधू पदर खोचून घराच्या दिशेनं निघाली, भांडायलाच निघाल्यासारखी.

चिचखेड्याचा थांबा एका मोहाच्या झाडाखाली आहे. खाली फुलांचा सडा पडला होता. बाकड्यावर देवकाताई बसली होती. मांडीवर पिशवी, पायात बाजाराची चप्पल. ताई वाळली होती. दार उघडल्यावर तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"आली का वं जोसना," ती म्हणाली, जणू मी मागच्याच बुधवारी येऊन गेले होते.

मी तिच्या समोर उभी राहिले, तिला माझं तोंड दिसेल अशी. विचारलं, इथं काय करतेस?

"बुधवार हाय ना. बसते दोन वाजेपर्यंत. मग भूक लागते तं जाते घरी."

"दर बुधवारी?"

"मंग काय. मले वाटलं, तू रुसली. मिठावरून." तिनं पिशवीतून डबा काढला. "घे. आता बराबर हाय का पाय."

वडे होते. चौदा महिन्यांत असे किती डबे भरले आणि परत घरी नेले असतील, ते मी मोजायला सुरुवात केली आणि थांबले. वड्यात मीठ जास्तच होतं. मी म्हटलं, बरोबर आहे. तिला ते ऐकू आलं नाही, पण माझं तोंड तिनं वाचलं, आणि मी खोटं बोलते आहे हेही वाचलं. तेव्हा ती हसली.

घरी गेल्यावर तिनं मला प्रफुलला फोन लावायला सांगितला. ती बोलणार, आणि त्याचं म्हणणं मी ओरडून तिला सांगणार, असं ठरलं. पण तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"पाय बापा, सणाले ये, जेव आणि जाय. मी काही येत नाही. बुधवारी माह्याकडे माणूस येते."

प्रफुल मला म्हणाला, मावशी, हे किती दिवस चालणार? मी म्हटलं, पुढच्या बुधवारचं मला माहीत आहे. अक्षय तृतीयेला तो आला, आंब्याचा रस खाल्ला आणि एकटाच परत गेला. घराला कुलूप लागलं नाही. कधी लागेल तेव्हा लागेल.

त्यानंतरच्या बुधवारी दोन तास लागले, त्याच्या पुढच्या बुधवारी चाळीस मिनिटं. परवा डबी आठव्या मिनिटाला आली. दार उघडून माझी वाट पाहत उभी राहिली, आणि माझ्या मनात आलं, एवढ्या लवकर का? कोणाची गाडी हिनं सोडली? कुठल्या थांब्यावर आत्ता कोण पिशवी उचलून घरी परत चाललं आहे? खांबाला विचारलं. तो म्हणाला, ही माहिती उपलब्ध नाही.

म्हणून मी आता बुधवारी लवकर निघते. आधी आमच्या भागातले सहा थांबे पायी फिरते, आणि मग गाडीत बसते. वहीत वेळ लिहिते, थांब्याचं नाव लिहिते. 'कारण' हा रकाना मी याही वहीत आखला आहे. ज्या थांब्यावर गाडी आलेली नाही, तिथं बाकड्याकडे नीट पाहून, माणसं मोजून, त्या रकान्यात लिहिते: प्रवासी बसले आहेत.